शब्दांआधीची चाल

लग्नसराईच्या दिवसांत सुरत शहरातल्या कोणत्याही हमरस्त्यावर संध्याकाळी घटकाभर उभे राहावे, एखादी तरी वरात समोरून गेल्यावाचून राहत नाही. उधन्याच्या बाजूची वरात खानदेशी असेल, गोपीपुऱ्यातली गुजराती असेल. नवरदेवाचा फेटा निराळा असेल, बोलणे निराळे असेल. बँड मात्र पुष्कळदा एकच गाणे वाजवीत असतो. ‘सूरज’ या १९६६ सालच्या चित्रपटातले ‘बहारों फूल बरसाओ’ हे ते गाणे. पितळी वाद्यांतून ते बाहेर पडते तेव्हा त्यात शब्द नसतात. तरीही ऐकणाऱ्याच्या मनात ते आपोआप उमटतात. चालीवर शब्द एकदा बसले म्हणजे पुढे ते काढून घेतले तरी त्यांची सावली मागे उरते, असाच हा अनुभव आहे.

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते याच्या नेमके उलट घडलेल्या एका गोष्टीविषयी. एक चाल प्रथम शब्दांवाचून जन्माला आली. एका चित्रपटात ती पडद्यामागे वाजली, प्रेक्षकांच्या कानांवरून गेली आणि चित्रपटाबरोबरच दृष्टीआड झाली. सतरा वर्षांनी तिला शब्द मिळाले, आणि आज ती ठाऊक नाही असा हिंदी गाण्यांचा शौकीन शोधून काढावा लागेल. ते गाणे म्हणजे ‘मेरा नाम जोकर’ या १९७० सालच्या चित्रपटातील ‘जाने कहाँ गये वो दिन’. या गाण्याविषयी सुरतेच्या भूमीवरून बोलण्याला एक कारण आहे. त्याच्या संगीतकारांपैकी एकजण याच मुलखातला होता.

बिलिमोऱ्याहून वघईकडे जाणारी एक लहानशी नॅरोगेज रेल्वे आहे. डांगच्या जंगलाकडे तोंड करून निघालेल्या या लोहमार्गावर, गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध असलेले उनाई लागते. तेथून जवळच वांसदा. पूर्वी हे एक लहान संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि सुरत जिल्ह्यात आले. पुढे १९६४ मध्ये वलसाड जिल्हा निराळा झाला, १९९७ मध्ये त्यातून नवसारी जिल्हा झाला, आणि आज वांसदा नवसारी जिल्ह्यात मोडते. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेला हा प्रदेश. पूर्वेला घाट चढून गेले की नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा लागते. गुजराती आणि मराठी बोलींची येथे अशी काही सरमिसळ झालेली आहे, की एक कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते हे सांगणे कठीण.

या वांसद्याला जयकिशन डाह्याभाई पांचाळ यांचा जन्म झाला. हार्मोनियमचे धडे त्यांनी गावाकडेच वाडीलाल आणि प्रेमशंकर नायक यांच्यापाशी घेतले. मुंबईस आल्यावर विनायक तांबे यांच्याकडे त्यांचे शिक्षण पुढे चालू राहिले. म्हणजे पुढे साऱ्या हिंदुस्थानाला ठाऊक झालेल्या या गुजराती संगीतकाराच्या तालमीचा एक धागा मराठी घराशी जुळलेला होता. मुंबईत चंद्रवदन भट्ट या गुजराती दिग्दर्शकाच्या कचेरीत त्यांची गाठ शंकर यांच्याशी पडली. शंकर त्या वेळी पृथ्वी थिएटर्समध्ये तबला वाजवीत असत. त्यांनी जयकिशन यांना हार्मोनियमवादक म्हणून तेथे नेले. याच नाटकमंडळीत दोघांचा राज कपूर यांच्याशी परिचय झाला, आणि १९४९ सालच्या ‘बरसात’पासून ‘शंकर-जयकिशन’ हे जोडनाव रूढ झाले. गीतकार शैलेंद्र आणि हसरत जयपुरी यांचेही नाव त्याच चित्रपटाने प्रथम लोकांपुढे आणले.

दोघांच्या नावांमध्ये असलेल्या त्या लहानशा आडव्या रेघेत पुष्कळ काही दडलेले होते. कोणती चाल कोणाची, यावर शौकिनांच्या बैठकीत अजूनही वाद रंगतात. त्या वादात आपल्याला शिरावयाचे नाही. मात्र एक गोष्ट सर्वांना मान्य आहे: चित्रपटाच्या पार्श्वसंगीताची बाजू प्रामुख्याने जयकिशन सांभाळीत. आणि आपल्या आजच्या विषयाचा संबंध याच पार्श्वसंगीताशी आहे.

पार्श्वसंगीत म्हणजे काय, हे आपण सारे जाणतो आणि तरीही जाणत नाही. गाणे चित्रीकरणाच्या आधी ध्वनिमुद्रित होते. नट-नटी त्यावर ओठ हलवितात. पार्श्वसंगीताचा क्रम याच्या उलट. चित्रपट पुरा होतो, त्याची काटछाट होते, संवाद जागेवर बसतात, आणि मग संगीतकारापुढे एकेक रीळ पडद्यावर दाखविले जाते. नायक दार उघडतो ते कितव्या सेकंदाला, नायिका मान वळविते ते केव्हा, दुःखाची वार्ता कोणत्या शब्दावर कळते, हे सारे मोजून तेवढ्याच लांबीचे संगीत रचावयाचे. समोर पडदा, हातात वाद्य आणि मनात सेकंदांचा हिशेब, अशा अवस्थेत वादक ते वाजवितात. चांगल्या पार्श्वसंगीताची कसोटी अशी, की प्रेक्षकाला ते वेगळे ऐकू येऊ नये. पुढे बसलेल्या माणसाचे डोळे पाणावावेत, आणि ते कशाने पाणावले हे त्याला कळू नये. ज्या कलेचे यश तिच्या अदृश्य राहण्यात आहे, तिची वाहवा कोण करणार?

‘आह’ हा राज कपूर यांच्या आर. के. संस्थेचा १९५३ सालचा चित्रपट. त्याचे दिग्दर्शन राजा नवाथे या मराठी माणसाने केले होते. क्षयाने पछाडलेला नायक आणि त्याच्यावर प्रेम करणारी नायिका यांची ही कथा. गाणी गाजली, पण ‘बरसात’ किंवा ‘आवारा’ यांना लाभले तसे यश चित्रपटाला लाभले नाही. या चित्रपटात मुकेश टांगेवाल्याच्या वेषात स्वतः पडद्यावर दिसतात आणि आपल्याच आवाजात गातात. आणि याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात एक करुण सुरावट येऊन जाते. तिला शब्द नाहीत, नाव नाही. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या १९५३ सालच्या प्रेक्षकाने ती गुणगुणली असेल का? सांगता येत नाही. तिची तबकडी घेऊन घरी ऐकण्याची सोय मात्र त्याला नव्हती. त्या काळच्या तबकड्या निघत त्या गाण्यांच्या. एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि ती मिनिटे गायकाच्या मालकीची असत. पार्श्वसंगीत चित्रपटाच्या रिळावरच राही. चित्रपट थिएटरातून उतरला की तेही उतरे.

श्रोतेहो, असे भाग्य केवळ आपल्याकडच्याच चालींच्या वाट्याला आले असे नाही. चार्ली चॅप्लिन यांचा ‘मॉडर्न टाइम्स’ १९३६ साली प्रदर्शित झाला. त्याचे संगीत स्वतः चॅप्लिन यांचे. त्यांना स्वरलेखन येत नव्हते. ते चाल गुणगुणत, पियानोवर चाचपून दाखवीत, आणि डेव्हिड रॅक्सिन नावाचा एक तरुण ती कागदावर उतरवून वाद्यवृंदासाठी मांडीत असे. त्या चित्रपटातल्या एका हळुवार सुरावटीला १९५४ साली जॉन टर्नर आणि जेफ्री पार्सन्स यांनी शब्द दिले. ‘स्माइल’ या नावाने नॅट किंग कोल यांनी ते गाणे गायिले, आणि तेव्हापासून कितीतरी गायकांनी ते आपापल्या गळ्यांतून पुढे नेले. येथेही मध्ये अठरा वर्षे गेली.

चॅप्लिन यांच्या चाली उतरवून घेणाऱ्या त्या तरुणाचीही एक चाल पुढे अशीच भाग्यवान ठरली. १९४४ सालच्या ‘लॉरा’ या रहस्यपटाला रॅक्सिन यांनी संगीत दिले. चित्रपटभर एकच सुरावट फिरत राहते, आणि जी स्त्री समोर नाही तिची आठवण ती सुरावट करून देत असते. लोकांनी ती चाल उचलली, तिची मागणी होऊ लागली, आणि १९४५ मध्ये जॉनी मर्सर यांनी तिच्यावर शब्द बसविले. चित्रपट मागे पडला, गाणे चालत राहिले. म्हणजे ‘लॉरा’ला वर्षभरात शब्द मिळाले, ‘स्माइल’ला अठरा वर्षांनी, आणि आपल्या ‘आह’मधील सुरावटीला सतरा वर्षांनी. चॅप्लिन यांच्या भटक्या विदूषकाची छाया राज कपूर यांच्या भूमिकांवर पडली होती हे सर्वश्रुत आहे. चॅप्लिन यांच्या चालीसारखीच राज कपूर यांच्या चित्रपटातील एक चालही शब्दांसाठी इतका काळ थांबून राहिली, हा योगायोग मोठा गोड आहे.

आता ‘मेरा नाम जोकर’कडे वळू. चार तासांहून अधिक लांबीचा, दोन मध्यंतरांचा हा चित्रपट डिसेंबर १९७० मध्ये पडद्यावर आला. हसविणे हा ज्याचा धंदा आणि दुःख गिळणे हा ज्याचा नित्यक्रम, अशा सर्कशीतल्या विदूषकाची ही कहाणी. तिच्यासाठी राज कपूर यांना मागे वळून पाहणारे एक गाणे हवे होते. अशा वेळी ‘आह’मधील ती जुनी सुरावट पुन्हा वर आली. हसरत जयपुरी यांनी तिच्यावर शब्द रचले, आणि मुकेश यांनी ते गायिले. ज्या चित्रपटात ती चाल मुकाट्याने येऊन गेली, त्याच चित्रपटात टांगा हाकीत गाणारे मुकेश सतरा वर्षांनी तिचा आवाज झाले. तोवर त्यांच्या गळ्यात वयाची किंचित जाडी आली होती, आणि या चालीला तीच मानवली. १९५३ साली हेच गाणे त्यांनी गायिले असते तर ते एका तरुणाचे दुःख झाले असते. १९७० साली ते एका आयुष्याचा हिशेब झाले.

ही चाल शिवरंजनी रागावर आधारलेली आहे. शिवरंजनीत पाच स्वर: षड्ज, ऋषभ, कोमल गंधार, पंचम आणि धैवत. भूप रागातील शुद्ध गंधार काढून तेथे कोमल गंधार ठेवला की शिवरंजनी होतो. एक स्वर अर्ध्या पायरीने खाली उतरतो आणि भूपाची प्रसन्न सकाळ मावळतीकडे कलते. म्हणून शिवरंजनी हा करुणेचा राग असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पण आरंभी ज्या वरातीच्या गाण्याचा उल्लेख केला, ते ‘बहारों फूल बरसाओ’ कोणत्या रागावर आहे? तेही शिवरंजनीवरच! संगीतकार तेच, गीतकार तेच हसरत जयपुरी. पाच स्वरांच्या त्याच घरातून एक गाणे फुले उधळीत बाहेर पडते आणि दुसरे डोळे पुशीत.

याचा अर्थ काय? मला वाटते, चाल स्वतः काही सांगत नाही. ती मनाची एक अवस्था आपल्यापुढे ठेवते, आणि ही अवस्था कोणाची, कशासाठी, हे सांगण्याचे काम शब्द करतात. शिवरंजनीतली ती ओढ वधूच्या वाटेकडे लागलेली असू शकते, किंवा हातून निसटलेल्या दिवसांकडे. ‘आह’मध्ये ती मरणाच्या सावलीत वावरणाऱ्या एका रुग्णाच्या कथेला चिकटलेली होती. ‘जोकर’मध्ये ती तेथून सुटली. गेलेल्या दिवसांचे दुःख प्रत्येकाला असते. त्यासाठी क्षय व्हावा लागत नाही. शब्दांनी या चालीला एका नायकाच्या दुःखातून सोडवून सर्वांच्या स्वाधीन केले. तिच्या लोकप्रियतेचे मर्म मला येथे दिसते.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपल्या संगीत नाटकांचा जन्मच मुळी असा झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले. त्या परंपरेतील नाटकांची छापील पुस्तके उघडून पाहा. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असा शब्द आणि त्यापुढे कोणा जुन्या गाण्याचे नाव दिसेल. चाल आधीच लोकांच्या ओठांवर असे. नाटककार तिच्यावर नवे शब्द बसवी. याच्या उलट वाट गीतरामायणाची. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या त्या मालेत गदिमांचे शब्द आधी आले आणि सुधीर फडके यांनी त्यांना स्वर दिले. दोन्ही वाटा आपल्या ओळखीच्या आहेत. फरक इतकाच, की नाटकाच्या पुस्तकात मूळ चालीची पोच कागदावर दिलेली असे. ‘जाने कहाँ गये वो दिन’च्या माथ्यावर मात्र ‘चाल: आह’ असे कोणी लिहिले नाही.

आणि म्हणूनच, श्रोतेहो, या गोड योगायोगामागे एक कडू सत्य उभे आहे. शब्द मिळाले म्हणून ही एक चाल वाचली. ज्यांना मिळाले नाहीत त्यांचे काय झाले? जयकिशन यांनी वीस-बावीस वर्षांत कितीतरी चित्रपटांचे पार्श्वसंगीत रचले. त्यातले बहुतेक सारे त्या त्या चित्रपटाच्या ध्वनिपट्टीत, संवादांच्या आणि दारांच्या आवाजाखाली दबलेले आहे. ते वाजविणारे वादक कोण होते? श्रेयनामावलीत बहुधा त्यांची नावे नसत. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची मांडणी वर्षानुवर्षे सेबॅस्टियन डिसोझा यांनी केली. तालाची बाजू दत्ताराम वाडकर यांनी उचलली. त्यांच्या ठेक्याला तर त्यांचेच नाव पडले. दोघेही गोमंतकाच्या मातीतले. ही नावे तरी जाणकारांना ठाऊक आहेत. पण त्यांच्यापुढे रांगेने बसून व्हायोलिन, चेलो, ॲकॉर्डियन, बासरी वाजविणाऱ्या गोव्याच्या, पारशी, मराठी, बंगाली अशा अनेक कलावंतांची नावे आज त्यांच्या घरच्यांपलीकडे कितीजणांना सांगता येतील?

जे राहिले तेही जपले जातेच असे नाही. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओस १६ सप्टेंबर २०१७ रोजी आग लागली आणि त्यात जुन्या चित्रपटांतील पोशाख व आठवणीच्या वस्तू नष्ट झाल्या. पुढे ती जागाही विकली गेली. वस्तूंची ही गत, तर हवेत विरणाऱ्या स्वरांचे काय! १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले म्हणून पुष्कळ चित्रपट तरी आज पाहावयास मिळतात. चित्रपटांबरोबरच त्यांच्या पार्श्वसंगीताचे स्वरलेखन, वादकांच्या नोंदी आणि संवादांपासून वेगळ्या राहिलेल्या ध्वनिफिती, जेथे असतील तेथून मिळवून जतन करणे, हे कार्य त्याच तोलामोलाचे मानले पाहिजे. एखाद्या जुन्या वादकाच्या घरी कपाटात पिवळे पडलेले नोटेशनचे कागद असतील, तर रद्दीच्या तराजूत ते चढण्यापूर्वी कोणी तरी त्यांवरून एकवार नजर फिरवावी, एवढी अपेक्षा काही अवाजवी नाही.

‘जोकर’ने राज कपूर यांना आरंभी मोठा आर्थिक फटका दिला. पुढे मात्र लोकांनी तो चित्रपट आपलासा केला. त्याच्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, पण ते मिळाले तेव्हा जयकिशन या जगात नव्हते. १२ सप्टेंबर १९७१ रोजी, वय चाळिशीच्या आसपास असतानाच, मुंबईस त्यांचे निधन झाले. चित्रपट प्रदर्शित होऊन पुरते वर्षही झाले नव्हते. १९७६ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना डेट्रॉइट येथे मुकेश गेले. १९८७ मध्ये शंकर गेले, आणि त्याच्या पुढल्या वर्षी राज कपूर. गाणे मात्र राहिले.

वांसद्याहून हार्मोनियमचे स्वर मनात घेऊन मुंबईस गेलेल्या त्या तरुणाची आठवण सुरतेच्या परिसराने ठेवली पाहिजे, असे मला वाटते. ताप्ती व्हॅलीच्या गाडीने नंदुरबार-अमळनेराहून येथे येऊन स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनीही ठेवावी, कारण हा कलावंत दोन भाषांच्या सीमेवरचा होता. त्यासाठी पुतळा उभारण्याची गरज नाही. एक साधी गोष्ट पुरे आहे. यापुढे एखादा जुना चित्रपट पाहताना, दोन गाण्यांच्या मध्ये, पात्रे बोलावयाची थांबली असताना, जे मंद स्वर मागून येतात त्यांच्याकडे क्षणभर कान द्यावा. गाणे सुरू होण्याची वाट पाहत आपण ज्यांना ओलांडून जातो, त्या स्वरांत कदाचित शब्दांची वाट पाहणारी आणखी एखादी चाल असेल. तिला कवी मिळेल की नाही हे आपल्या हाती नाही. पण तिला श्रोता मिळावा, हे तरी आपल्या हाती आहे.